शाळेतील दादागिरी : प्रतिबंध आणि उपाययोजना

शाळकरी मुलांमधील भांडणे नवी नाहीत. मात्र एकाच विद्यार्थ्याला वारंवार लक्ष्य करून त्याचा केला जाणारा छळ हा भांडणाहून वेगळा आणि अधिक गंभीर प्रकार आहे. ‘मुलांचे असे चालायचेच’ या समजुतीमुळे त्याकडे दुर्लक्ष होते आणि छळ सोसणारे मूल एकटे पडते. युनेस्कोने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, जगातील जवळपास प्रत्येक तिसऱ्या विद्यार्थ्याला आधीच्या महिनाभरात किमान एकदा अशा वागणुकीला तोंड द्यावे लागले होते.

छळ कशाला म्हणावे?

या विषयाच्या शास्त्रीय अभ्यासाचा पाया मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी १९७० च्या दशकात घातला. त्यांनी छळाची तीन लक्षणे सांगितली : त्रास देण्याचा हेतू, त्याची पुनरावृत्ती आणि दोन्ही बाजूंच्या बळातील तफावत. हे बळ केवळ शारीरिक नसते. वय, संख्या, आर्थिक स्थिती किंवा वर्गातील लोकप्रियता यांतूनही ते येते.

मारहाण करणे, डबा किंवा पैसे हिसकावणे, टोपणनावाने चिडवणे, खेळात न घेणे, अफवा पसरवणे आणि मोबाइलवरील गटांत बदनामी करणे हे त्याचे प्रमुख प्रकार होत. जात, धर्म, रंग, शरीरयष्टी आणि अपंगत्व यांवरून मुलांना हिणवले जाते. पालकांच्या बदलीमुळे परराज्यातील शाळेत दाखल झालेल्या मुलांच्या बाबतीत भाषा आणि उच्चार हेही निमित्त ठरते.

परदेशातील अनुभव

नॉर्वेमध्ये १९८२ च्या अखेरीस तीन किशोरवयीन मुलांनी आत्महत्या केली आणि त्यामागे सोबत्यांकडून झालेला छळ असल्याचे मानले गेले. त्यानंतर १९८३ मध्ये तेथे देशव्यापी मोहीम सुरू झाली. बर्गन येथील सुमारे २,५०० विद्यार्थ्यांमध्ये ओल्वेउस यांनी राबवलेल्या कार्यक्रमात वर्गाचे स्पष्ट नियम, मधल्या सुट्टीतील देखरेख आणि पालकांशी संवाद यांवर भर होता. दोन वर्षांत छळाचे प्रमाण जवळपास निम्म्याने घटल्याचे आढळले.

फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठात विकसित झालेल्या आणि २००९ पासून देशभर राबवल्या गेलेल्या ‘किवा’ कार्यक्रमाचा भर बघ्या विद्यार्थ्यांवर आहे. छळणाऱ्याला प्रतिष्ठा मिळते ती आजूबाजूच्यांच्या हसण्यातून आणि मौनातून. त्यामुळे वर्गमित्रांनी पीडिताची बाजू घेतली, की छळ करण्याचे प्रयोजनच कमी होते, असे हा कार्यक्रम मानतो.

जपानमध्ये २०११ साली ओत्सु शहरातील १३ वर्षांच्या विद्यार्थ्याच्या आत्महत्येनंतर २०१३ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. छळ रोखणे आणि गंभीर प्रकरणांची चौकशी करणे ही शाळांची जबाबदारी असल्याचे या कायद्याने स्पष्ट केले.

भारतातील तरतुदी

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मार्च २०१५ मध्ये संलग्न शाळांसाठी मार्गदर्शक सूचना जारी केल्या. उपमुख्याध्यापक, ज्येष्ठ शिक्षक, डॉक्टर, समुपदेशक आणि पालक-शिक्षक संघाचा प्रतिनिधी यांचा समावेश असलेली छळविरोधी समिती नेमण्याची तरतूद त्यांत आहे. दोषी विद्यार्थ्याला ताकीद देण्यापासून शाळेतून काढून टाकण्यापर्यंतच्या कारवाईचा उल्लेखही त्यांत आहे.

महाराष्ट्रात १९९९ चा रॅगिंग प्रतिबंधक कायदा शैक्षणिक संस्थांना, तसेच वसतिगृहांना लागू आहे. तक्रार मिळाल्यापासून सात दिवसांत चौकशी करणे संस्थाप्रमुखावर बंधनकारक आहे. लैंगिक स्वरूपाचा छळ असल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार त्याची माहिती पोलिसांना देणे अनिवार्य ठरते. १८ वर्षांखालील मुलाने गुन्हा केल्याचा आरोप असल्यास ते प्रकरण सर्वसाधारणपणे बाल न्याय मंडळापुढे जाते.

शाळेने काय करावे?

छळ बहुधा प्रौढांची नजर नसलेल्या ठिकाणी होतो. त्यामुळे प्रसाधनगृहाचा परिसर, जिना, मैदानाचा कोपरा आणि शाळेची बस येथे देखरेख आवश्यक आहे. तक्रार आल्यावर संबंधित विद्यार्थ्यांशी स्वतंत्रपणे बोलावे. दोघांना समोरासमोर उभे करून ‘हात मिळवा, विषय संपवा’ असे सांगितल्यास पीडित मूल पुन्हा तोंड उघडत नाही. घटनेची लेखी नोंद ठेवावी आणि काही आठवड्यांनी पुन्हा चौकशी करावी. छळ करणाऱ्या मुलाला नुसती शिक्षा पुरत नाही. काही मुले स्वतः घरी किंवा अन्यत्र हिंसेला सामोरी गेलेली असतात. त्यांनाही समुपदेशन मिळावे.

पालकांची भूमिका

शाळेत जाण्यास टाळाटाळ, सकाळी पोटदुखीची तक्रार, फाटलेले कपडे, हरवणाऱ्या वस्तू, झोप आणि गुणांतील घसरण ही लक्षणे दिसल्यास पालकांनी शांतपणे विचारपूस करावी. ‘तूही दोन द्यायच्या होत्यास’ असे म्हटल्याने दोष मुलाच्याच माथी येतो. तारीख, ठिकाण आणि साक्षीदार यांची नोंद करावी, मोबाइलवरील संदेशांचे स्क्रीनशॉट जपून ठेवावेत आणि वर्गशिक्षक व मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार द्यावी. समोरच्या मुलाच्या पालकांशी परस्पर वाद घालणे टाळावे.

संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक, तर मानसिक आधारासाठी ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक देशभर विनाशुल्क उपलब्ध आहे. मूल जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलत असल्यास त्याला एकटे सोडू नये आणि तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी.

छळ सोसणाऱ्या मुलाने धीट व्हावे, हा त्यावरचा उपाय नव्हे. पहिल्या तक्रारीची दखल मोठ्यांनी कशी घेतली, यावरच दुसरी तक्रार येणार की नाही, हे ठरते.