पैऱ्यावरची सुगी

कोल्हापूरच्या पश्चिमेकडील तालुक्यांत भाताची सुगी पिढ्यान्‌पिढ्या पैऱ्यावर निघत आली. आज एकाच्या शेतात सगळ्यांनी विळे घेऊन उतरायचे, उद्या दुसऱ्याच्या. माणसाच्या दिवसाची फेड माणसाच्या दिवसाने, बैलजोडीची बैलजोडीने. पैशाचा व्यवहार नसे. ज्याचे काम त्याच्याकडे जेवण.

याचे मूळ पावसात आहे. गगनबावड्यात वर्षाला ५,००० मिलीमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. पूर्वेला शिरोळात त्याच्या दशांशाच्या आसपास. म्हणून गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड हा भाताचा मुलूख. पिकलेले भात थांबत नाही. दाणे झडतात, परतीच्या पावसाने पीक आडवे झाले की लोंबीतच कोंब फुटतात. एकट्या घराला हे आवरत नाही. मात्र हळवी भाते आधी, गरवी मागाहून कापणीला येत, त्यामुळे पाळी लावता येई. साऱ्या गावाचे भात एकाच दिवशी पिकते, तर पैरा चाललाच नसता.

कापलेले भात उन्हात वाळवून भारे खळ्यावर येत. तिथे झोडणी होई, किंवा तिवड्याभोवती बैलांची पात फिरे. मग वारे देऊन रास लागे आणि पिंजर जनावरांसाठी रचून ठेवली जाई.

एकोणिसाव्या शतकात परक्या अधिकाऱ्यांनी हा मुलूख कागदावर उतरवला. पोलिटिकल सुपरिंटेंडेंट मेजर ग्रॅहम यांचा संस्थानावरील अहवाल १८५४ चा; जेम्स कॅम्बेल यांनी संपादित केलेला गॅझेटियरचा कोल्हापूर खंड १८८६ चा. पिके, जमीन, सारा, मजुरी यांच्या माहितीसाठी अभ्यासकाला आजही त्यांच्याकडेच जावे लागते. पण मजुरीच्या आकड्यांत पैऱ्याचा दिवस दिसणे शक्यच नव्हते. त्याची वही घराघरांतल्या बायकांच्या ध्यानात असे.

पैऱ्याला फार गोंडस रूप देण्याचेही कारण नाही. फेडीला स्वतःचे शेत लागे. भूमिहीनाला ते नव्हते, तो धान्याच्या मजुरीवर राबे. बलुतेदार खळ्यावर येई तो आपला वाटा घ्यायला. वतनाच्या नावाखाली महारांकडून घेतली जाणारी कामे तर सक्तीचीच होती. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये संस्थानात महार वतन रद्द केले.

पुढे आजरा, चंदगड, भुदरगडची तरणी माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली. सुगीला रजा काढून येणारे येत. बाकीचा भार बायकांवर पडे. मळणी यंत्राने खळ्यावरची बैलांची पात थांबवली, रोजंदारीने पैऱ्याची जागा आक्रसली. मजूर मिळत नाही तिथे मात्र रोप लावणीला आणि कापणीला शेजारच्या घरांत अजून पैरा ठरतो.