पन्नाशीनंतरची रहस्यकथा

मराठी रहस्यकथेचा इतिहास म्हणजे बराचसा वेगाचा इतिहास आहे. बाबूराव अर्नाळकरांनी, म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाणांनी, हजारावर रहस्यकथा लिहिल्या. गुरुनाथ नाईक तर आपल्या गोव्याचेच. त्यांचा आकडा बाराशेच्या पुढे जातो. या दोघांबद्दल बोलताना 'काय लिहिलं' असं आधी कोणी विचारत नाही, 'किती लिहिलं' हेच विचारतात.

त्यामागे सरळ व्यवहार होता. ही पुस्तकं विकत घेऊन कपाटात मांडायची नव्हती. लायब्ररीतून दिवसाच्या भाड्याने आणायची, रात्रीत संपवायची, सकाळी परत करायची. वाचक रोज नवं मागणार, लायब्ररीवाला प्रकाशकाकडे मागणार, प्रकाशक लेखकाच्या मागे लागणार. आमच्याकडे हा प्रवाह मोकळेपणाने यायला वेळ लागला. पोर्तुगीज अमलात छापील मजकुरावर सेन्सॉर होता. पुढे भारताने नाकेबंदी केली आणि सीमेवरची ये-जाच अवघड झाली. १९६१च्या डिसेंबरानंतर पत्रादेवीची वाट खुली झाली. पेडणे-डिचोलीत मराठी वाचणारी घरं आधीपासूनच होती. आता त्यांच्या हाती मुंबई-पुण्याची पुस्तकं सहज पडू लागली.

वाचणाऱ्यांत बायका भरपूर. लिहिणाऱ्यांत मात्र शोधून काढाव्या लागतील. बायकांना रहस्य जमत नाही, असं याचं कारण सांगणारे मला भेटले आहेत. मला ते पटत नाही. महिन्याला अनेक पुस्तकं हातावेगळी करायची तर रात्रच्या रात्र स्वतःची असावी लागते. ती कुठल्या घरातल्या बाईची होती? सकाळी दूध उतू जाऊ नये म्हणून उभं राहायचं, त्याच वेळी मुलाचा डबा, त्याच वेळी दारात मासळीवाली "बाय, कांय जाय?" म्हणून ओरडून जाते. (आमच्याकडे मासळी नाही हे तिला वीस वर्षांत पटलेलं नाही.) धंद्याचा वेग बाईच्या दिवसाला मानवणारा नव्हता, इतकंच.

म्हणून मला उशिरा लिहायला लागलेल्या माणसांचं कुतूहल आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली आला तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. पण त्या आठवणी, रहस्य नव्हे. रहस्याच्या जवळचं मराठी नाव भा. रा. भागवतांचं. त्यांचा जन्म १९१०चा. फास्टर फेणे सायकल हाणत मुलांच्या हाती आला तेव्हा भागवतांनी पन्नाशी केव्हाच मागे टाकली होती. त्या पोराच्या पायांतला वेग वाचून कोणाला लेखकाच्या वयाची शंका येणार नाही. बाहेरच्या जगात रेमंड चँडलर आहे: १९३२ मध्ये तेलकंपनीतली नोकरी गेली, मग गोष्टी लिहायला लागला, पहिली कादंबरी १९३९ साली, पन्नासाव्या वर्षी.

पण माझ्या डोळ्यांसमोर सारखी येते ती इंग्लंडची पी. डी. जेम्स. सोळाव्या वर्षी शाळा सुटली. नवरा डॉक्टर, युद्धावरून परतला तो मनाने आजारी होऊन, आणि पुढची वर्षं इस्पितळात आत-बाहेर करण्यात गेली. पदरी दोन मुली. ती इस्पितळांच्या कारभार-कचेरीत नोकरीला लागली. पस्तिशी उलटल्यावर तिला जाणवलं, की सोयीची वेळ काही येणार नाही. मग पहाटे उठून, कामावर जाण्याआधी, ती लिहीत राहिली. पहिली कादंबरी १९६२ साली आली, तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती. दोन वर्षांनी नवरा वारला. नाव झाल्यावरसुद्धा नोकरी सोडली नाही. १९७९ साली निवृत्त झाली. इस्पितळं, नर्सांचं प्रशिक्षण, सरकारी खात्यांतलं राजकारण, हे सगळं तिच्या कादंबऱ्यांत उतरलं. ज्या वर्षांना आपण वाया गेलेली म्हणू, त्याच वर्षांवर तिची पुस्तकं उभी आहेत. शेवटची कादंबरी २०११ साली आली, ती एक्याण्णव वर्षांची असताना.

आमच्या ह्यांना हे मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तुझ्याकडे अजून बराच अवकाश आहे मग." एका प्रकाशकाने मात्र फोनवर वय विचारलं आणि सुचवलं, की ताई, या वयात पाककृतींचं पुस्तक करा, खपेल. मी नम्रपणे फोन ठेवला. हस्तलिखित अजून माझ्याकडेच आहे.

खरं तर घर चालवणारी बाई रोज तपासच करत असते. गॅस या वेळी आठ दिवस आधी का संपला, कडीची जागा कोणी बदलली, कोण खोटं बोलतंय आणि कोण नुसतं लपवतंय. माझी गोष्ट डिचोलीतल्या एका जैन घरात घडते. २०१२ साली खाणी थांबल्या आणि ट्रक दारात गंजू लागले त्या काळातली. मी खून घातल्याचं कळल्यावर सासूबाई म्हणाल्या, "चोरीवर भागत नाही का गं?" नाही भागत. पण पुढचं ऐकायला त्या बसल्या.

पहिल्या खर्ड्यात सकाळी मोरीत एक खरकटं ताट सापडत होतं. घरात सूर्यास्तानंतर कोणी जेवत नाही, म्हणजे रात्री कोणीतरी बाहेरचं आलं होतं. मला हा दुवा पक्का वाटत होता. सासूबाईंनी तो एका वाक्यात मोडला: "पाहुणा उशिरा आला तर त्याला उपाशी निजवतात का?" आठवडाभर मी त्यावर अडून होते. आता ताट धुऊन उपडं घातलेलं आहे, घागर काल होती तशीच भरलेली आहे आणि पाणी गाळायचं फडकं कोरडं ठणठणीत आहे. घरातल्या माणसाने न गाळलेल्या पाण्याने ताट धुतलंच नसतं. सातवं प्रकरण तिथून सुरू होतं.