चाळीस जामीनदार

सायकल घेताना लोक रंग बघतात, घंटी वाजवून बघतात. वजनदार माणसाने मात्र आधी मागच्या चाकाचे स्पोक मोजावेत, असं माझं ब्याण्णव किलोचं मत आहे. (बँकेतल्या कारकुनाच्या मताला एरवी एवढं वजन कुठलं?)

या स्पोकचं मूळ निघतं विमानात! इंग्लंडात जॉर्ज केली नावाचे गृहस्थ उडतं यंत्र करायच्या नादात होते. त्याला हलकं चाक हवं, म्हणून १८०८ साली त्यांनी लाकडी आऱ्यांऐवजी ताणलेल्या दोऱ्यांचं चाक योजलं. पुढे १८७०च्या सुमारास जेम्स स्टार्लेने तारेच्या चाकांची सायकल काढली आणि १८७४ साली त्या तारा तिरप्या विणल्या. १८८८ साली डनलॉपने हवेचा टायर आणला. त्याच साली आपल्या किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचं दुकान थाटलं.

बैलगाडीचं चाक खालच्या आऱ्यावर उभं राहतं. सायकलचे स्पोक सगळे मिळून रिम ताणून धरतात. म्हणजे कर्जदार एक आणि जामीनदार चाळीस! एक सैल पडला की बोजा शेजाऱ्यावर. सैल स्पोक सतत हलतो आणि हबपाशी, जिथे वाकवलेला असतो तिथेच, तुटतो.

जुन्या काळ्या सायकलला पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक. असं का, हे आमच्या यवतमाळच्या मिस्त्रीने एका वाक्यात सांगितलं, "भाऊ, पुढचं चाक रस्ता पाह्यते, मागचं तुम्हाले पाह्यते."

या बत्तीस-चाळीसवर जिल्ह्याने संसार वाहिले. दांडीवर पोरगं, कॅरिअरवर बायको, हँडलला आर्णीच्या बाजारातली पिशवी. दूधवाल्याचे कॅन तर वेगळेच. पावसाळ्यात काळी माती मडगार्डात भरली की सायकलच माणसाच्या खांद्यावर बसे, ती गोष्ट निराळी. व्हिएतनामात १९५४ साली दिएन बिएन फूच्या लढाईला सायकलींवर दोनशे किलोंच्या वर माल गेला. पण तिथे माणूस वर बसला नव्हता, ढकलत होता!

डॉक्टरांनी साखर बघून मला सायकल सांगितली, तेव्हा दुकानदाराने एक चकचकीत सायकल पुढे केली. स्पोक मागे-पुढे सारखेच, आणि तेही मोजके. जमा-नावे सारखं यावं हे खातेवहीत ठीक. सायकलवर मागची बाजू भारीच हवी. मी जुन्या पद्धतीची, जाड टायरची घेतली. महिन्याभराने मिस्त्रीकडून स्पोक पुन्हा आवळून चाकाचा आउट काढून घेतला.

चाक अजून सरळ आहे. सीटची स्प्रिंग मात्र मी बसलो की काहीतरी पुटपुटते.