जत तालुका : घराण्याची वंशावळ कुठं शोधायची?

जत : जातीचा दाखला असो की वारस नोंद, पणजोबांचं नाव आणि त्याचा कागद लागतोच. ऐनवेळी धावपळ होते. आपल्या तालुक्यात हा शोध घेताना थोडा इतिहास माहीत असावा.

जत हे १९४८ पर्यंत डफळे घराण्याचं संस्थान होतं. विलीनीकरणानंतर १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला, त्यालाच १९६० मध्ये सांगली नाव मिळालं. त्यामुळं मधल्या काळातल्या कागदावर 'दक्षिण सातारा' दिसलं तर तो कागद दुसऱ्या जिल्ह्याचा समजून बाजूला टाकू नका.

आडनावावरही विसंबू नका. डफळे मूळचे चव्हाण. डफळापूरच्या पाटीलकीवरून डफळे झाले. राजघराण्याचं हे, तर आपल्यासारख्यांचं काय! म्हणून गाव, पणजोबा आणि त्यांचे वडील अशी नावं घेऊन शोधा.

हेळवी : सुगीनंतर गावात येणाऱ्या हेळव्याच्या चोपडीत मूळ गाव, कुलदैवत आणि पिढ्यांची नावं असतात. पूर्वी ते बैलावरून यायचे, आता गाडीवरून येतात. सरकारी कामाला मूळ कागदच लागतो, पण तो कोणत्या गावात शोधायचा ते इथं कळतं. हेळवी आला की नावं लिहून घ्या. लेकीसुनांची नावं बहुतेक वेळा राहून गेलेली असतात, ती स्वतः जोडा.

तहसील कार्यालय : जुने सातबारा, फेरफार, वारस रजिस्टर (६-क) आणि जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक. यात पुष्कळदा बाळाचं नावच नसतं, 'अमक्याला मुलगा झाला' एवढंच असतं. म्हणून बापाचं पूर्ण नाव पाठ पाहिजे.

भूमी अभिलेख : कडईपत्रक, शेतवार, आकारफोड. बरेच कागद मोडीत असतात, जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावं लागतं.

शाळा : आजोबा शिकले असतील तर जनरल रजिस्टरचा उतारा.

जातीच्या दाखल्यासाठी पुरावा किंवा वास्तव्य एससीला १० ऑगस्ट १९५०, व्हीजेएनटीला २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचं लागतं.

कागद सापडला की फोटोवर थांबू नका, सही-शिक्क्याची नक्कल घ्या. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून नावं आजच लिहून घ्या. दप्तर उद्याही उघडेल, ती माणसं असतीलच असं नाही.