संपूर्ण बॅकअप तरीही अपुरा : लॅपटॉप सुरू होण्याच्या सूत्रांचा मागोवा

लॅपटॉपमधली जुनी एसएसडी कुरकुरू लागते. मालकाने दक्षता घेऊन संपूर्ण डिस्कचा बॅकअप आधीच घेतलेला असतो. नवी एसएसडी बसते, बॅकअप तिच्यावर उतरवला जातो, काम यशस्वी झाल्याचा संदेशही येतो. मग बटण दाबलं की काळ्या पडद्यावर एकच ओळ उमटते : 'नो बूटेबल डिव्हाइस'. तीच डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून पाहावी, तर फोटो, कागदपत्रं, विंडोजचं फोल्डर, सगळं जागच्या जागी दिसतं. एकही फाइल हरवलेली नाही आणि तरीही यंत्र सुरू होत नाही.

या बिघाडाचं मूळ बहुतेक वेळा नव्या डिस्कमध्ये नसतं, बॅकअपच्या प्रोग्राममध्येही नसतं. ते इतिहासात असतं. यंत्राने सुरू कसं व्हायचं ही माहिती ठेवायची कुठे, या प्रश्नाचं उत्तर गेल्या सत्तर वर्षांत पुन्हा पुन्हा बदललं आहे. संपूर्ण डिस्कची नक्कल करण्याची कल्पना रुजली तेव्हा ती माहिती जवळजवळ सगळी डिस्कवरच होती. आज ती तशी नाही. हा प्रवास समजला की बूटच्या सेटिंग्जमधली बरीच कोडी आपोआप सुटतात.

माणसाच्या हातून रॉमकडे

प्रोसेसरला वीज मिळाली की तो सूचना वाचायला तयार असतो. पण पहिली सूचना त्याच्यासमोर आणून ठेवायची कोणी? आयबीएमने १९५२ साली जाहीर केलेल्या ७०१ या संगणकावर त्यासाठी 'लोड' नावाचं बटण होतं. ते दाबलं की पंचकार्ड, चुंबकीय टेप किंवा ड्रम यांपैकी एकावरून पहिला छोटा तुकडा मेमरीत येई आणि त्यातल्या सूचना पुढच्या सूचना आणत. १९७५ च्या अल्टेअर ८८०० या छोट्या संगणकात तर तेवढीही सोय नव्हती. पुढच्या पट्टीवरचे खटके वर-खाली करून सुरुवातीच्या सूचना एकेक बाइट करत भराव्या लागत. वीज गेली की मेमरी कोरी, आणि सगळं पहिल्यापासून.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आलेल्या आयबीएम पीसीने हे काम माणसाकडून काढून घेतलं. त्याच्या मदरबोर्डवरच्या रॉम चिपमध्ये बायोस नावाचा, अवघ्या ८ किलोबाइटचा प्रोग्राम कायमचा कोरलेला होता. वीज आली की प्रोसेसर थेट त्या चिपमधल्या ठरावीक पत्त्यावर जाई. बायोस मेमरी तपासे, कीबोर्ड जागा करी आणि मग फ्लॉपीवरचा पहिला सेक्टर, म्हणजे फक्त ५१२ बाइट, मेमरीत उतरवून कारभार त्याच्या हाती सोपवी. ते ५१२ बाइट कुठल्या कंपनीच्या सिस्टिमचे आहेत याच्याशी बायोसला कर्तव्य नव्हतं.

१९८३ मध्ये १० मेगाबाइटची हार्ड डिस्क घेऊन पीसी एक्सटी आला. आता एका डिस्कचे भाग पाडायची गरज निर्माण झाली आणि त्या पहिल्या सेक्टरची वाटणी ठरली : ४४६ बाइट सुरुवातीच्या प्रोग्रामसाठी, ६४ बाइट चार पार्टिशनच्या नोंदींसाठी आणि शेवटचे २ बाइट 'हा सेक्टर वैध आहे' या खुणेसाठी. यालाच पुढे एमबीआर म्हटलं गेलं. पार्टिशनची सुरुवात आणि लांबी लिहायला त्यात ३२-३२ बिट आहेत. त्यामुळे ५१२ बाइटचे सेक्टर धरले तर ही व्यवस्था सुमारे २ टेराबाइटच्या पुढे पाहू शकत नाही. १० मेगाबाइटच्या काळात ती मर्यादा कुणाच्या मनातही आली नसेल.

एवढी तुटपुंजी रचना दशकानुदशकं टिकली, कारण तिची नक्कल झाली. कॉम्पॅक आणि पाठोपाठ फिनिक्स या कंपन्यांनी आयबीएमच्या बायोससारखाच वागणारा, पण स्वतंत्रपणे लिहिलेला बायोस तयार केला. स्वस्त पीसींचा पूर आला तो त्यातून. प्रत्येक नव्या यंत्राला जुना प्रत्येक प्रोग्राम चालवून दाखवायचा होता. म्हणून कुठलाही थर काढून टाकता आला नाही, नवे थर तेवढे वर चढत गेले.

पहिला सेक्टर, पहिला घाव

यंत्राची सुरुवात ५१२ बाइटवर अवलंबून आहे हे हल्लेखोरांनीही ओळखलं. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' हा व्हायरस फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये जाऊन बसे आणि मूळ सेक्टर दुसरीकडे हलवे. 'मायकेलअँजेलो' ६ मार्च या तारखेला जागा होई आणि डिस्कच्या सुरुवातीच्या भागावर कचरा लिहून टाकी. १९९२ साली त्याच्या धास्तीने जगभर बातम्या झाल्या. याच दशकात पुण्यात कैलाश आणि संजय काटकर या बंधूंच्या संगणकदुरुस्तीच्या व्यवसायातून 'क्विक हील' ही अँटिव्हायरस कंपनी उभी राहिली.

सर्वांत खोल घाव २६ एप्रिल १९९९ चा. तैवानमध्ये लिहिलेल्या 'सीआयएच' ऊर्फ 'चेर्नोबिल' व्हायरसने त्या दिवशी डिस्कचा पहिला १ मेगाबाइट शून्यांनी भरला आणि काही मदरबोर्डवरचा बायोससुद्धा पुसला. तोवर बायोस पुन्हा लिहिता येणाऱ्या फ्लॅश चिपमध्ये आला होता, म्हणून हे शक्य झालं. अशा यंत्रावर डिस्कचा कितीही चांगला बॅकअप उतरवला तरी ते सुरू होणार नव्हतं. डिस्कबाहेरही जपण्यासारखं काही असतं, हा धडा त्या दिवशी मिळाला.

नक्कल करणारी साधनं

डिस्कची नक्कल करण्याचं एक फार जुनं आणि आजही वापरात असलेलं साधन म्हणजे युनिक्समधली 'डीडी' ही सत्तरच्या दशकातली आज्ञा. ती फाइल ओळखत नाही, पार्टिशन ओळखत नाही. पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत जे आहे ते उतरवते. त्यामुळे एमबीआर आपोआप सोबत येतो, पण रिकामी जागाही तितकीच वेळ खाते.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहरात मरे हॅझर्ड यांनी 'घोस्ट' तयार केलं. डिस्कवरची फाइलव्यवस्था समजून घेऊन फक्त वापरातली जागा उचलायची, हे त्याचं बलस्थान. एक संगणक नीट तयार करायचा आणि त्याची प्रतिमा खोलीभर संगणकांवर उतरवायची, ही पद्धत त्याने रूढ केली. १९९८ मध्ये सिमँटेकने ते विकत घेतलं. नॉर्टन घोस्टची विक्री २०१३ मध्ये थांबली, पण तोवर तैवानमध्ये तयार झालेलं 'क्लोनझिला' हे मोफत, मुक्त साधन रुळलं होतं. दरम्यान विंडोजमध्ये 'शॅडो कॉपी' आली आणि चालू यंत्राची प्रतिमा घेणंही शक्य झालं.

या सगळ्या साधनांचा पाया एकच : डिस्क उतरवली म्हणजे यंत्र उतरवलं. एमबीआरच्या काळात हे बव्हंशी खरं होतं.

सूत्रं डिस्कबाहेर गेली

बव्हंशी म्हटलं, कारण पहिली फट १९८४ मध्येच पडली होती. त्या वर्षीच्या पीसी एटीमध्ये बॅटरीवर जिवंत राहणारी छोटी सीमॉस मेमरी आली आणि तारीख-वेळेबरोबर कोणत्या प्रकारची डिस्क बसवली आहे हेही तिच्यात नोंदवलं जाऊ लागलं. बॅटरी संपली की यंत्र आपली डिस्कच विसरे.

खरी उलथापालथ इंटेलने केली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस इटेनियम या ६४ बिट प्रोसेसरसाठी १६ बिटांचा बायोस अगदीच अपुरा पडू लागला, म्हणून इंटेलने ईएफआय ही नवी व्यवस्था आखली. २००५ मध्ये ती अनेक कंपन्यांच्या सामाईक मंचाकडे गेली आणि यूईएफआय झाली. तिच्यासोबत जीपीटी ही पार्टिशनची नवी पद्धत आली : नोंदींमधले पत्ते ६४ बिटांचे, साधारणपणे १२८ पार्टिशनना जागा आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी. जुन्या प्रोग्रामांनी डिस्क रिकामी समजून तिच्यावर लिहू नये म्हणून पहिल्या सेक्टरमध्ये एक नाममात्र एमबीआर आजही ठेवला जातो.

यूईएफआय पहिल्या सेक्टरमधला प्रोग्राम चालवत नाही. ती डिस्कवरच्या एका छोट्या पार्टिशनमधली फाइल उघडते. ती फाइल कोणत्या पार्टिशनमध्ये, कोणत्या नावाने आहे ही नोंद मात्र मदरबोर्डवरच्या मेमरीत असते. घर विटेला वीट लावून दुसऱ्या जागी जसंच्या तसं उभारलं, तरी सातबाऱ्यावरची नोंद आपोआप बदलत नाही, तसंच हे. जुनी डिस्क काढताच अनेक लॅपटॉप ती नोंद पुसून टाकतात, आणि 'संपूर्ण' बॅकअपमध्ये ती कधी नव्हतीच.

पुढे आणखी दोन गोष्टी बाहेर गेल्या. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर 'सिक्युअर बूट' सर्वत्र आलं : कोणाच्या सहीचा प्रोग्राम चालू द्यायचा याची यादी मदरबोर्डवर. आणि विंडोजमधल्या बिटलॉकरने कुलूपबंद केलेल्या डिस्कची किल्ली टीपीएम या सुरक्षा चिपच्या ताब्यात. २०२१ मध्ये विंडोज ११ ने यूईएफआय आणि टीपीएम २.० दोन्ही अधिकृतपणे आवश्यक ठरवले.

आजचे बिघाड, जुने सांधे

आता बिघाडांकडे पुन्हा पाहा. प्रत्येक बिघाड दोन थरांमधल्या एखाद्या सांध्यावर घडलेला दिसेल.

बॅकअप एमबीआर पद्धतीच्या डिस्कचा आणि लॅपटॉप फक्त यूईएफआय जाणणारा असेल, तर फाइली सुखरूप असूनही तो सुरू होणार नाही. कारण यूईएफआयला हवी असलेली पार्टिशन त्या प्रतिमेत नसते. पार्टिशन आहे पण मदरबोर्डवरची नोंद हरवली, तर विंडोजच्या दुरुस्ती पेनड्राइव्हवरून 'बीसीडीबूट' ही आज्ञा फाइली आणि नोंद पुन्हा तयार करते. मोठ्या एसएसडीवर क्लोन केल्यावर शेवटची जागा वापरता येत नसेल, तर जीपीटीची दुसरी प्रत जुन्या डिस्कच्या मापाने मध्येच राहिलेली असते, ती खऱ्या शेवटी हलवावी लागते. क्लोन झाल्यावर दोन्ही डिस्क एकाच यंत्रात ठेवल्या, तर दोघींची ओळखसंख्या सारखी असल्याने गोंधळ होतो. पहिल्यांदा सुरू करताना जुनी काढलेलीच बरी.

दुरुस्ती पेनड्राइव्हला डिस्कच दिसत नसेल, तर साठवणुकीची पद्धत पाहावी. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपमध्ये व्हीएमडी ही साठवणुकीची पद्धत चालू असते आणि तिचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर नसतो. ती सेटिंग नुसती बदलून टाकली, तर डिस्क दिसते पण आधीचं विंडोज निळ्या पडद्यावर अडकू शकतं. म्हणून पेनड्राइव्हमध्ये ड्रायव्हर घालणं हा सुरक्षित मार्ग. पेनड्राइव्हच सुरू होत नसेल, तर सिक्युअर बूटची यादी बदललेली असू शकते. ऑगस्ट २०२४ मधल्या विंडोजच्या अपडेटनंतर जुने लिनक्स पेनड्राइव्ह कित्येक यंत्रांवर नाकारले गेले ते यामुळेच. आणि सेटिंग बदलताच बिटलॉकर ४८ अंकी रिकव्हरी किल्ली मागू लागला, तर तो आपलं काम चोख करतो आहे. किल्ली हाताशी नसेल तर मात्र तुमच्याच माहितीचं दार तुम्हाला बंद.

इतके थर चढूनही तळ तोच आहे. आजचा इंटेलचा पीसी प्रोसेसर वीज मिळाल्यावर क्षणभर १६ बिटांच्या जुन्या अवस्थेतच जागा होतो. ती अवस्था काढून टाकण्याचा प्रस्ताव इंटेलने २०२३ मध्ये मांडला आणि डिसेंबर २०२४ मध्ये मागे घेतला.

तेव्हा 'संपूर्ण डिस्कचा बॅकअप' या शब्दांवर विसंबून राहू नका. डिस्कच्या प्रतिमेसोबत चार गोष्टी जपा : बूटच्या सेटिंग्जच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो, लॅपटॉपबाहेर लिहून ठेवलेली बिटलॉकरची रिकव्हरी किल्ली, आपल्याच लॅपटॉपच्या ड्रायव्हरसह तयार केलेला दुरुस्ती पेनड्राइव्ह, आणि त्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप खरोखर सुरू होतो व बॅकअपची फाइल त्याला दिसते याची एकदा घेतलेली खात्री. ही खात्री डिस्क धडधाकट असतानाच घ्यायची असते. हे काम येत्या रविवारी करून टाका.