चरणजीत सिंग यांची दहा रागांची तबकडी

१९८२ साली चरणजीत सिंग यांनी एचएमव्हीसाठी एक एलपी केली : ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. सिंग मुंबईच्या सिनेसंगीतातले साजिंदे. तबकडी फारशी खपली नाही. २०१० मध्ये ‘बॉम्बे कनेक्शन’ या डच लेबलने ती पुन्हा काढली, तेव्हा परदेशी श्रोत्यांपैकी काहींना हा बनाव वाटला. ज्या ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’पासून अ‍ॅसिड हाउस या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताची सुरुवात धरतात, ती शिकागोच्या ‘फ्यूचर’ गटाची रेकॉर्ड १९८७ची. मग तसाच आवाज मुंबईत पाच वर्षे आधी कसा?

वाद्यांच्या तारखा जुळवून पाहिल्या की शंकेला जागा उरत नाही. सिंग यांच्यापुढे रोलँडची तीन यंत्रे होती. टीआर-८०८ हे तालयंत्र १९८०चे, ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर १९८१चा आणि टीबी-३०३ हे बेसचे यंत्रही त्याच सुमाराचे.

तरीही त्यांना अ‍ॅसिड हाउसचे जनक म्हणणे मला पटत नाही. ही तबकडी शिकागोपर्यंत पोहोचल्याचा पुरावा पुढे आलेला नाही. शिवाय दोघांचा हेतूच वेगळा. शिकागोच्या मुलांनी ३०३ची बटणे पिळून त्याचा आवाजच विस्कटला. सिंग यांना राग सांभाळायचा होता. तबला बाजूला ठेवून त्यांनी डिस्कोचा ठेका घेतला, पण ललित, भूपाळी, मालकंस यांचे स्वर सोडले नाहीत. ३०३मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. मींड ऐकत वाढलेल्या कानाला ती परकी वाटण्याचे कारणच नव्हते.

या प्रयोगाचे मूळ सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये शोधावे लागते. १९७१च्या ‘दम मारो दम’मधला घुमणारा स्वर सिंग यांच्या ट्रान्झिकॉर्ड या इलेक्ट्रॉनिक वाद्याचा. मूग सिंथेसायझर हिंदी सिनेसंगीतात आणणारे कर्सी लॉर्ड याच वर्तुळातले. नवे यंत्र आले की त्यातून गाण्याला काय मिळेल, हे पाहणे या वादकांचे रोजचे काम होते. १९८०च्या ‘कुर्बानी’नंतर डिस्कोची मागणी वाढली, ती पुरवणारेही हेच हात.

सिंग यांचा प्रभाव पडला तो २०१०नंतर, नव्या इलेक्ट्रॉनिक वादकांवर. उतारवयात त्यांनी युरोपात मंचावरही या रचना वाजवल्या. २०१५च्या जुलैत मुंबईत त्यांचे निधन झाले. त्या पिढीतले जे साजिंदे अजून हयात आहेत, त्यांच्या वह्या आणि आठवणी आताच नोंदवून घ्यायला हव्यात.