काळी, पांढरी आणि गुंठा

आमच्या जुन्या माणसांनी गावच्या भुईचे दोनच भाग केले होते. पीक येते ती काळी आणि माणूस राहतो ती पांढरी. चूल, राख, पडक्या भिंतींची माती ह्यांनी वस्तीची जमीन पांढुरकी होते, म्हणून ती पांढरी. काळीचे धनी मोजके असत. पांढरीत मात्र ज्याच्या नावे वीतभर रान नाही अशालाही पाठ टेकण्यापुरती जागा असे. ही व्यवस्था न्यायाची होती असे कोणी समजू नये. महारवाडा, मांगवाडा गावकुसाबाहेर होता, आणि तेथील जागा हक्काने नव्हे तर चाकरीच्या मोबदल्यात मिळे. चाकरी सुटली की जागेचा भरवसाही सुटे. काळी आणि पांढरी ह्यांमधील रेघ गेल्या पाऊणशे वर्षांत कोणी, कशी आणि कोणासाठी हलविली, हा आमच्या आजच्या विवेचनाचा विषय आहे. भूम तालुक्यातील ईट हे गाव डोळ्यांपुढे ठेवून आम्ही तो मांडीत आहो. परंतु मराठवाड्यातील बहुतेक गावांना तो लागू पडेल.

आपला हा मुलूख निजामाच्या राज्यातला. कोठे सरकारी सारा, कोठे जहागीर, कोठे निजामाच्या खासगी उत्पन्नाचा सर्फ-ए-खास. १७ सप्टेंबर १९४८ ला ते राज्य संपले. पुढच्याच वर्षी सर्फ-ए-खास सरकारात विलीन झाले, जहागिरीही गेल्या, आणि १९५० साली हैदराबादचा कुळकायदा आला. कसणाऱ्याला जमीन मिळण्याची वाट उघडली, ही मोठीच गोष्ट झाली. पण कायदा कुळाचा होता. जो कूळही नव्हता, नुसता सालगडी किंवा रोजंदार होता, त्याच्या पदरी रान पडले नाही आणि घराची भुईही पडली नाही.

ह्याच काळात दुसरा एक विचार बळावत होता. शेताचे तुकडे पडतात म्हणून शेतकरी बुडतो, हा तो विचार. डॉ. हॅरोल्ड मॅन ह्यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर ह्या गावाची पाहणी करून १९१७ साली दाखवून दिले की, १७७१ साली सरासरी खाते चाळीस एकरांचे होते, ते १९१५ पर्यंत सात एकरांवर आले. दुसऱ्याच वर्षी, १९१८ साली, डॉ. आंबेडकरांनी लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहिला आणि वेगळे निदान केले. दुखणे तुकड्यात नाही. शेतीवर जगणारी माणसे फार आणि त्यांना दुसरे काम नाही, ह्यात ते आहे. उपाय उद्योगधंद्यांचा. १९२७ साली मुंबई कौन्सिलात लहान खातेदारांसंबंधीचे बिल आले, तेव्हाही त्यांनी त्याला विरोध केला. तरी १९४७ साली मुंबई प्रांतात तुकडेबंदीचा कायदा झालाच. हैदराबाद राज्यानेही १९५६ साली आपला तसाच कायदा केला, आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मराठवाडा मुंबई राज्यात आला. आज पिंपळे सौदागरला शेत शोधूनही सापडत नाही. ते पिंपरी-चिंचवड शहराचे उपनगर झाले आहे, आणि जेथे एकर मोजले तेथे आता चौरस फूट मोजतात. कायद्याने नांगराला जपले, आणि घर बांधणारा मागच्या दाराने आत आला.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६६ साली दोन मोठे कायदे झाले. एक जमीन महसूल संहिता, दुसरा प्रादेशिक व नगररचना कायदा. त्यांनी रानात घर बांधावयास बिगरशेती परवानगीची अट घातली, आणि रानाचे प्लॉट पाडावयास मंजूर रेखांकनाची. हे नियम वाईट आहेत काय? मुळीच नाहीत. हिशेबच करून पाहू.

ईटच्या शिवारातला एक एकर कल्पावा. एकराचे चाळीस गुंठे. गुंठा म्हणजे तेहेतीस फूट लांब, तेहेतीस फूट रुंद, एकूण १,०८९ चौरस फूट. नियमाने चालावयाचे तर एवढ्या जमिनीत दहा टक्के, म्हणजे चार गुंठे, मोकळी जागा सोडावी लागते. रस्त्यांना आठ गुंठे गेले असे धरा. विकावयास उरले अठ्ठावीस. मोजणी, नकाशा आणि बिगरशेतीचा खर्च ह्या अठ्ठावीस गुंठ्यांवर बसतो. दुसरा मालक मात्र नकाशा करीत नाही, खडू टाकून चाळीसचे अडतीस गुंठे विकतो आणि गाडीवाट दाखवून ‘हा तुमचा रस्ता’ म्हणतो. त्याचा गुंठा स्वस्त पडतो. मजूर तोच घेतो, कारण त्याच्या गाठीला तेवढेच पैसे असतात. म्हणजे जो स्वस्तपणा दिसतो, तो मजुराच्याच पोरांच्या रस्त्यातून, गटारातून आणि खेळायच्या जागेतून कापून काढलेला असतो.

आता कागद पाहा. गुंठ्याची स्वतंत्र नोंद होत नाही, म्हणून दहा-बारा अनोळखी माणसे एका खरेदीखतात सामाईक मालक होतात. अथवा नुसत्या स्टँपवर करारनामा आणि कब्जापावती होते. सातबाऱ्यावर मूळ मालकच राहतो. ग्रामपंचायत नमुना आठला घर लावते, घरपट्टी घेते. माणसाला वाटते, आपले नाव लागले. पण नमुना आठ ही कराची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. बँक कर्ज देत नाही, घरकुल मंजूर होऊन जागेपाशी अडते, आणि मूळ मालक वारला की त्याचे वारस दारात उभे राहतात. आमच्या भागातला ऊसतोड कामगार दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर जातो आणि साखरेचा हंगाम संपल्यावर परततो. त्याच्या पाठीमागे त्याचे घर कोणाच्या नावे आहे, हा त्याच्या पोटाइतकाच मोठा प्रश्न आहे.

सरकारला हे दिसले नाही असे नाही. २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा झाला, आणि २०२१ साली त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या प्लॉटांपर्यंत वाढविण्यात आली. पण त्याचा रोख मुख्यतः शहरांकडे. २०१७ साली तुकडेबंदीच्या कायद्यात दुरुस्ती होऊन १५ नोव्हेंबर १९६५ पासूनचे तुकडे बाजारभावाच्या पंचवीस टक्के भरून नियमित करता येऊ लागले. २०२४ साली ते पाच टक्क्यांवर आले, आणि २०२५ साली तेही माफ करण्याचे पाऊल पडले. मधेच जुलै २०२१ च्या एका परिपत्रकाने गुंठ्यांची दस्तनोंदणी रोखली, ती मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मोकळी केली. बंदी, मग दंड, मग सवलत, मग माफी. साठ वर्षे ज्या कायद्याला दर काही वर्षांनी माफी जाहीर करावी लागते, त्याने माणसाची गरज ओळखली नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

हा अनुभव आपल्याच देशाचा नाही. इंग्लंडात एलिझाबेथ राणीच्या काळी, १५८९ साली, कायदा झाला की झोपडी बांधावयाची तर तिला निदान चार एकर जमीन जोडलेली हवी. हेतू चांगलाच सांगितला होता. परंतु ज्याच्याजवळ चार एकर नाहीत त्याने राहावे कोठे, ह्याचे उत्तर नव्हते. १७७५ साली तो रद्द झाला. आपल्या २०२३ च्या अधिसूचनेने बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला वीस आणि बागायतीला दहा गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र ठरविले. शेतीसाठी ते ठीक. पण ज्याला एकच गुंठा पुरे आहे त्याच्यासाठी काय?

सरकारने मनावर घेतले तर नवी पांढरी उभी राहते, हे आपल्याच जिल्ह्याने पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील बावन्न गावे नव्या जागी वसली. रस्ते आधी आखले, घरे मागाहून झाली. पण तेथेही काळीने पांढरीवर आपला शिक्का मारलाच. भूमिहीनाला आणि अल्पभूधारकाला अडीचशे चौरस फुटांचे घर, मध्यम खातेदाराला चारशे, मोठ्या खातेदाराला साडेसातशे. माणसे किती हे न विचारता एकर किती हे विचारले गेले.

ह्या साऱ्यावरून आमचा निष्कर्ष एवढाच आहे. गाव वाढले तेव्हा पांढरी वाढविण्याचे काम सरकारने मालकाच्या खडूवर सोडले. वास्तविक महसूल संहितेच्या १२२ व्या कलमाने गावठाणाची हद्द ठरविण्याचा अधिकार दिलेला आहे. ४२-ड कलमाने गावठाणापासून दोनशे मीटरांच्या आतल्या जमिनीची राहण्यासाठीची वाट सोपी केली. घरकुलाच्या जागेसाठी पाचशे चौरस फुटांपर्यंत अर्थसाह्य देणारी योजनाही २०१५ पासून आहे. २०२० पासून गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागल्या. परंतु ती मोजणी जुन्या पांढरीची. तिच्या बाहेर ज्यांची घरे आहेत ते तेथेही बाहेरच राहिले.

तेव्हा ग्रामसभेत मागणी करावयाची ती अशी : गावठाणाची हद्द वाढवा, आणि नवे प्लॉट पडण्यापूर्वी वाढवा, रस्ता आणि पाण्याची वाट आधी आखा, पहिला गुंठा त्याला द्या ज्याच्या नावे सातबारा नाही. आणि तोवर ज्याला गुंठा घ्यावयाचाच आहे, त्याने इसार देण्यापूर्वी तीन कागद मागावेत : चालू सातबारा, मंजूर रेखांकनाचा आदेश, आणि नोंदणीकृत खरेदीखताचा मसुदा. एकट्याने मागितले तर मालक हसतो. वस्तीतली वीस माणसे मिळून मागू लागली की तो तलाठ्याकडे जातो.